उदगीर जिल्ह्याचा पहिला टँकर

लातूरला रेल्वेनं पाणी आलं त्या उन्हाळ्यात गुरुबसप्पा तिथल्या एका छोट्या कंपनीत टँकरचा प्रोग्राम सांभाळायचा. कोणता टँकर कोणत्या गावाला, याचे मेसेज ड्रायव्हरला आणि गावकऱ्यांना त्याच्याच कॉम्प्युटरवरून जात. माणूस सरळ, पण जरा जास्तच टापटिपीचा. किराणा दुकानदाराचं पोर. घासलेटाचा हात साखरेला लागू द्यायचा नाही, हे बाळकडूच मिळालेलं.

त्यातच उदगीर जिल्हा होणार अशी आवई उठली. मालक अण्णारावांना भलतीच घाई. "गुरू, नव्या जिल्ह्याचा प्रोग्राम बी तयार ठेव. जाहीर झालं की आपला पैला नंबर!"

आता एकाच फोल्डरमध्ये दोन्ही कामं म्हणजे डोक्याला ताप. नवं काम अर्ध्यावर आलं की टँकरची तक्रार यायची. ते गुंडाळून जुनं उघडा, मग पुन्हा नवं. शेवटी त्यानं गिटमधली, म्हणजे प्रोग्रामच्या फायली सांभाळणाऱ्या साधनातली, एक सोय वापरली. रिपॉझिटरी, म्हणजे फायलींचा मूळ साठा, एकच, पण तिच्यावर कामाचे फोल्डर दोन. गोदाम एक, काउंटर दोन. एकीकडे चालू लातूर, दुसरीकडे होऊ घातलेलं उदगीर. इकडचं अर्धवट काम तिकडं लुडबुडत नाही. गडी इतका खूश झाला की चहाच्या टपरीवरही हेच सांगत सुटला.

नव्या फोल्डरात तपासणीसाठी एखादं गाव हवं होतं. त्यानं आपलीच धोंडवाडी घातली. खऱ्या यादीत तिथं आठवड्याला एक टँकर. इथं त्यानं लिहिलं, रोज. आई मल्लम्मा घागरी घेऊन रांगेत उभी राहायची, म्हणून हौसेनं लिहिलं. नुसतं लिहायला कुणाचं काय जातं?

एका संध्याकाळी मेसेज सोडायची वेळ झाली, तेव्हा हा पठ्ठ्या नेमका नव्या फोल्डरात बसलेला. दोन्ही खिडक्या दिसायला जुळ्या. दाबलं बटण. 'उदगीर जिल्हा: धोंडवाडीस उद्यापासून रोज टँकर.'

सकाळी ड्रायव्हर चंद्रप्पा पोचला तर वेशीत हलगी वाजत होती. नव्या जिल्ह्याचा पहिला सरकारी माणूस म्हणून सरपंचांनी त्याला हार घातला. बिचारा हार सावरत पाइप जोडू लागला.

लातुरात अण्णाराव लालबुंद. "जिल्हा तू जाहीर केलास व्हय रे? आधी दुरुस्त कर ते!"

गुरुबसप्पानं बरोबर फोल्डर उघडला, नाव दोनदा वाचलं आणि मेसेज सोडला: जिल्हा लातूरच, टँकर आठवड्यातून एकदा. बटण दाबताना त्याला आईच्या घागरी आठवल्या. पण दुसऱ्या गावाच्या तोंडचं पाणी काढून आईला द्यायचं कसं?

तेवढ्यात मल्लम्माचाच फोन. "गुरू, पिंप भरलं रे! लई दिसानं डोक्यावरून न्हाले."

"अव्वा, ते चुकून झालं गं. दुसऱ्या फोल्डरातून गेलं."

"त्ये काय असतंय?"

"कॉम्प्युटरमधी दोन खोल्या हायत समज. एकीत खरं काम, दुसरीत नुसतं करून बघायचं. मी चुकीच्या खोलीतून पाठवलं."

पलीकडून पिंपावर झाकण ठेवल्याचा आवाज आला.

"मंग रोज त्याच खोलीत बसत जा की रे," ती म्हणाली.