शेवटच्या टोकाला तेल आलं का?

ऑइल संप टेबलावर उलटा पडला होता, ड्रिलचं टोक खडूच्या खुणेवर टेकलं होतं आणि माझं बोट काही बटण दाबत नव्हतं. संप म्हणजे इंजिनाच्या पोटाखालची तेलाची परात. न गळणाऱ्या, धडधाकट परातीला मी स्वतःच्या हातानं भोक पाडणार होतो. तीस वर्षं डिझेल गाड्यांचं काम करतोय. संपाची गळती थांबवण्यात निम्मी हयात गेली. भोक पाडायची वेळ पहिल्यांदाच आली होती.

"काय झालं मिस्त्री, बिगडलं का काय?" स्टुलावर बसलेल्या पारूआक्कांनी विचारलं.

"काही नाही, माप परत बघतोय," मी म्हणालो. माप तीनदा बघून झालं होतं. मग दाबलं बटण.

पारूआक्का सांगोल्याकडच्या. घरी शेळ्या-मेंढ्या, जोडीला थोडं डाळिंब. मालकांची नजर अधू झाल्यापासून पिकअप त्या स्वतःच चालवतात. गाडी जुनी, पण इंजिन ठणठणीत. फक्त बिनटर्बोचं. माल भरून सपाटीवर ती बरी पळायची, चढ आला की रडायची.

गाडी घेऊन माझ्या अक्कलकोट रोडच्या गॅरेजवर आल्या त्या दिवशी त्यांनी सांगितलं, "मागच्या उन्हाळ्यात साताऱ्याच्या वाटंला घाट लागला. दुसऱ्या गिअरात रडत चढली आन् मदीच तापून हुबी ऱ्हायली. भर दुपार, वारं न्हाय. चार बोकडं माज्या डोळ्यांदेखत गेली. गाडी चालती असती तर वारं तरी लागलं असतं की त्यास्नी."

यंदाही त्यांना पुन्हा त्याच वाटेनं जायचं होतं. ईदसाठी बावीस बोकडं न्यायची होती. वर्षभर हातानं चारलेली.

मी सरळ सांगितलं, "आक्का, ही विका आणि टर्बोवाली घ्या."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांना मालकच बदलायला सांगितलंय. "तुमाला टर्बो बशिवता येतो का न्हाय, त्येवडं सांगा."

हे माझ्या वर्मी लागलं. कंपनीनं बसवून दिलेले टर्बो मी किती खोलले, किती दुरुस्त केले, त्याची गणती नाही. पण मुळात टर्बो नसलेल्या इंजिनाला नवा बसवणं वेगळं. ते मी कधी केलं नव्हतं. तोंडातून मात्र "येतो की" निघून गेलं. मग RTO मध्ये विचारणं, अर्ज करणं, पुण्याहून किट मागवणं हे सगळं आलं. सगळं जुळून किट हातात पडेपर्यंत ईद तोंडावर आली होती, त्याच शुक्रवारी बोकडं निघायची होती.

टर्बो म्हणजे काय, ते गॅरेजबाहेरच्यांसाठी सांगतो. सायलेन्सरकडे जाणारा गरम धूर वायाच जात असतो. त्या धुराच्या वाटेत एक छोटा पंखा ठेवायचा. त्याच दांड्यावर दुसऱ्या बाजूला आणखी एक पंखा. धुरानं पहिला फिरला की दुसरा फिरतो आणि इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. हवा जास्त म्हणजे डिझेल नीट जळणार, ताकद वाढणार. इतकं सोपं आहे. अवघड आहे तो दांडा. मिनिटाला लाखभर फेरे घेतो आणि तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो. तेल आटलं की थोड्याच वेळात दांडा धरतो, म्हणजे जॅम होतो. पंख्याचे तुकडे इंजिनात गेले तर इंजिनही गेलं.

म्हणून त्याला दोन नळ्या लागतात. इंजिनातून तेल आणणारी बारीक नळी वर, आणि तेल परत संपात सोडणारी जाड नळी खाली. संपाला भोक पाडलं ते या खालच्या नळीसाठी.

सोमवारी मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनाचा धूर गोळा करणारा बिडाचा नळ, काढताना त्याचे दोन बोल्ट आतच तुटले. त्यात दिवस गेला. मंगळवारी संप झाला. टर्बो जागेवर धरून बघितला तर ब्रेकच्या पाइपला जवळजवळ टेकत होता. त्या उष्णतेजवळ ब्रेकचा पाइप ठेवणं म्हणजे वेडेपणा. पाइप फिरवून घेतला, मध्ये पत्रा मारला. बुधवारी मेहबूबभाई आले. ते इंजिनात डिझेल सोडणाऱ्या पंपाचे मिस्त्री, माझ्याहून दहा वर्षांनी मोठे. हवा वाढवली की डिझेलही थोडं वाढवावं लागतं, आणि फार वाढवलं तर पिस्टन वितळतो. हे माप ज्याच्या हातात असतं त्याच्या वाटेला मी जात नाही.

आक्का म्हणाल्या, "वाडवा की चांगलं, मेहबूबभाई. हात आखडू नका."

"नक्को, आक्का. पयले हवा देखेंगे, डिझेल बाद में. जल्दी करे तो इंजिन रोता, बाद में हम रोते."

आता माझ्या हुशारीचं सांगतो. आमचं घर विणकरांचं. वडील मागावर होते, भाऊ आजही टॉवेल काढतो. त्याच्याकडचे डागी टॉवेल माझ्याकडे पुसायला येतात. वर्षानुवर्षं धुऊन विटलेले, तेलानं काळे झालेले. पण हा माझा पहिला टर्बो. त्याला ही काळी चिंधी कशी लावायची? मी भावाकडून नवाकोरा टॉवेल आणला, गुलाबी काठाचा. त्या टॉवेलनं एकेक नळी, एकेक बोल्ट पुसला. वरची नळी इंजिनाला जोडणारा बोल्ट पोकळ असतो, तेल त्यातूनच जातं; त्याच्या आतसुद्धा टॉवेलचा कोपरा पिळून घातला आणि फिरवून काढला. पूजेची भांडी पुसावीत तसं चाललं होतं. मेहबूबभाईंनी एकदा बघितलं आणि मान हलवली. मला वाटलं, कौतुक करतायत.

बुधवारी दुपारी गाडी तयार झाली. मी सिरिंजनं टर्बोमध्ये तेल भरलं. कोरड्या दांड्यावर इंजिन चालू करायचं नसतं, एवढं मला कळतं. बॉनेटवर हळदकुंकू झालं, चाकांखाली लिंबं ठेवली, आक्कांनी नारळ हातात घेतला. मी चावीला हात घातला.

"मिस्त्री, जरा थांबा," आक्का म्हणाल्या. "ते तेल परत खाली येतंय का, बगितलं का?"

मला रागच आला. "तेल भरलंय मी. माझ्या हातानं."

"भरलंय ते भरलंय. आमी डाळिंबाला ठिबक टाकतो, तवा मोटर चालू केली की कुनी घरला जातं व्हय? शेवटच्या टोकाचं बूच काढून बगतो. तितं पानी आलं तर पोचलं. मदी कुटं कचरा आडकला आसंल ते वरनं कसं कळनार?"

खरं सांगायचं तर हा नियम आम्हालाही माहीत आहे. नवा टर्बो बसवला की परतीच्या नळीतून तेल येतंय का ते आधी बघायचं, मग स्टार्ट. पण तीन दिवस राबलो होतो, आतापर्यंत सगळं जुळलं होतं, आणि सिरिंजनं तेल भरलंच होतं. नियम माझ्यासाठी नाही असं मला वाटायला लागलं होतं. शिवाय ठिबकवाली बाई मला टर्बो शिकवणार?

त्यांचं तोंड बंद करावं म्हणूनच मी गाडीखाली शिरलो. परतीची नळी संपावरून काढली आणि तिच्याखाली आइस्क्रीमचा रिकामा डबा धरला. डिझेल तोडणारी वायर मेहबूबभाईंनी काढून ठेवली, म्हणजे इंजिन चालू होणार नाही, नुसतंच फिरेल. "मारो सेल्फ!"

आक्कांनी सेल्फ मारला. डब्यात तेल पडलं.

"आलं की!" मी गाडीखालूनच ओरडलो. आवाजात बराच ताठा होता.

"येतंय का गळतंय?" वरून आवाज आला.

मी बघत राहिलो. धार बारीक झाली. थेंब झाले. मग थेंबही थांबले. सेल्फ चालूच होता. ते तेल मीच सिरिंजनं भरलेलं होतं. मागून नवं काहीच येत नव्हतं.

"और एक बार," मेहबूबभाई म्हणाले. पुन्हा सेल्फ. डबा तसाच. तिसऱ्यांदाही तसाच.

गाडीखालीच पडून मी हिशोब मांडला. मी चावी फिरवली असती. नारळ फुटला असता, टाळ्या वाजल्या असत्या. मग सवयीनं मी ॲक्सिलरेटर दाबला असता, टर्बोची शिट्टी ऐकायला. माझ्याच दारात तो धरला असता. किंवा त्याहून वाईट, इथून धडपणे निघून घाटात बावीस बोकडांसकट धरला असता.

वरची नळी टर्बोच्या बाजूनं सोडली. सेल्फ मारला, कोरडी. इंजिनाच्या बाजूचा पोकळ बोल्ट काढला. त्याच्या आतलं आडवं भोक उदबत्तीच्या काडीएवढं. त्यात काहीतरी पांढरं बसलं होतं. मी खिळ्यानं ओढलं तर लवेचा एक बोळा बाहेर आला. नीट बघितलं. पांढऱ्यात गुलाबी धागे.

दुसऱ्या कुणाला तो कचरा वाटला असता. मी लहानपणापासून ते धागे नाकातोंडात घेत मोठा झालोय. माझ्याच भावाचा टॉवेल होता.

नवा टॉवेल पहिल्या धुण्यापर्यंत लव सोडतो. आमच्या घरात हे पोरांनाही माहीत असतं. न धुतलेल्या टॉवेलला आई हात लावू द्यायची नाही. विणकराचा मुलगा असून मी तोच टॉवेल इंजिनाच्या सगळ्यात बारीक भोकात पिळून घातला होता.

"म्हणून मान हलवली होती का तुम्ही?" मी मेहबूबभाईंना विचारलं.

"हौ. मैं बोला, नया टॉवेल कायकू काला करता ये." म्हणजे त्यांनाही खरं कारण सुचलं नव्हतं. एवढाच दिलासा.

सगळ्या नळ्या पुन्हा काढल्या. डिझेलनं धुतल्या, हवेनं फुंकल्या, आणि या वेळी कशानंही पुसल्या नाहीत. जोडल्या. सिरिंजनं तेल भरलं. डबा धरला.

आधी माझं तेल आलं. मग क्षणभर काहीच नाही. मग जाड, काळसर, गरगरीत धार आली आणि येतच राहिली. डबा अर्धा भरला तरी मी "बास" म्हणत नव्हतो. इतका हलका मी क्वचितच झालो असेन. गाडीखाली पडल्या पडल्या हसत होतो.

"आलं का?" आक्का.

"आलं. शेवटच्या टोकाला आलं."

मग त्यांनी नारळ फोडला.

गुरुवारी सकाळी मागे वाळूची पोती भरून आम्ही तिघं तुळजापूरच्या घाटात गेलो. आक्का चालवत होत्या. पूर्वी त्यांना जिथं दुसरा टाकावा लागला असता तिथं तिसऱ्यावर गाडी गुपचूप चढत होती. बॉनेटखालून बारीक शिट्टी येत होती. तापमानाचा काटा मधोमध. मेहबूबभाई आरशातून धूर बघत होते. काळा नव्हता, म्हणजे डिझेल वाढवलं ते बेतानं. वर पोचल्यावर आक्कांनी गाडी बाजूला घेतली आणि पदरानं डोळे पुसले. आम्ही दोघं दुसरीकडे बघत राहिलो.

"बंद करताना लगेच चावी काढू नका," मी म्हणालो. "मिनिटभर तशीच चालू द्या. टर्बो थंड होतो."

"बरं. बोकडांसंगं मीबी थंड होईन."

शुक्रवारी दुपारी मी जेवायला बसलो होतो आणि फोन आला.

"मिस्त्री, घाटाच्या वर हाय. आयका." आणि फोनवर नुसती बें-बें ऐकू यायला लागली. एवढी की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. "बावीसच्या बावीस. मोजू का?"

"नको," मी म्हणालो. "ऐकू येतायत."

त्यानंतर आम्ही आणखी टर्बो बसवले. नवा टॉवेल आता आमच्याकडे तीनदा धुतल्याशिवाय येत नाही, आणि नळीच्या तोंडाजवळ तर तोही नाही. परतीची नळी सोडून डबा धरल्याशिवाय चावीला हात लावायचा नाही, मग गाडी कुणाचीही असो. मेहबूबभाई ती वेळ आली की एवढंच विचारतात, "आक्का का पानी आया क्या?"

"तेल भरलंय मी" असं त्या दिवसानंतर मी कुणाला सांगितलेलं नाही. मी डब्यात बघतो.