खांद्यावरची चार बोटं

"मावशी, मराठीत याला एक शब्द हाय. टाइप करू का?"

कोर्टाबाहेर नोटरी वकिलाचं टेबल. माझ्या मागं सात-आठ माणसं. कुणाला भाडेकरार पाहिजे, कुणाला नावात बदल. आधी वकील हसला, मग टायपिंगवाला, मग सगळी रांग. तो शब्द वकिलानं तोंडातनं काढलाच नाही. गरजच नव्हती. तिथल्या प्रत्येकाला तो येत होता. मलाही येत होता.

मी मागितलं होतं एवढंच. माझी पोरगी कॅनडात एका मुलाबरोबर राहते, लग्न झालेलं नाही, आणि हे मला ठाऊक आहे, असं लिहून द्या.

त्याआधी त्यानं माझं आडनाव विचारलं होतं. मी सांगितलं. त्यानं पेन खाली ठेवलं. म्हणाला, "तुमच्यात चालत असंल हे."

आता तुम्ही म्हणाल, असला कागद लागतोच कशाला. सांगते. मुलगा मशीनवरचा कारागीर. आधी शिरोलीला फौंड्रीत होता, मग पुण्यात. तिकडच्या कारखान्यानं त्याला दोन वर्षांच्या परवान्यावर नेलं. पोरगी त्याच्या मागनं व्हिजिटर व्हिसावर गेली. सहा महिन्यांची पाहुणी. ते महिने संपत आले. लग्न झालेलं असतं तर दाखला लावून मोकळी. बिनलग्नाच्या जोडीदारानं मुदत वाढवून मागायची तर दाखवावं लागतं, की आम्ही खरंच एकत्र राहतो, आधीपासून राहतो, घरच्यांना माहीत आहे.

आणि इथंच घोळ. पुण्यात दोघं दीड वर्ष एका खोलीत राहिले. पण घरमालक बिनलग्नाच्यांना ठेवून घेत नव्हता, म्हणून करार पोरीच्या एकटीच्या नावावर. दारावर पाटी नाही. नातेवाइकांचा फोन आला की मुलगा गॅलरीत. इथं आम्ही जे जे लपवलं, नेमकं तेच तिथं मागत होते.

लग्न का करत नाहीस, हे मी तिला एकदाच विचारलं होतं. म्हणाली, "आई, तू न बघता केलंस. मी राहून बघते." माझ्या संसारात काय झालं, ते ती लहानपणी आमच्या एका खोलीत गोधडीतनं बघत होती की.

तर त्या टेबलापाशी मी काय केलं? उठून आले? नाही. मी खाली मान घालून म्हणाले, "मग साहेब, मैत्रीण लिहा. मैत्रिणीबरोबर राहती म्हणून."

हे मी म्हणाले. माझ्या तोंडानं.

वकील म्हणाला, "मैत्रिणीचा काय उपयोग? पोरीला म्हणावं तिकडंच हार घालून फोटो पाठव. मागच्या तारखेचा लग्नाचा कागद मी बघतो. पोरगी पण सुधारंल त्यानं."

विचार करते म्हणाले आणि मंगळवार पेठेत घरापर्यंत चालत आले. रिक्षा सुचलीच नाही. पोरीचा फोन आला. "आई, तारखेच्या आत अर्ज गेला न्हाय तर मला सगळं सोडून परत यावं लागंल. लिहून झालं काय? आणि तो आपल्या घरातला फोटो पण लाव."

तो फोटो.

मी ब्लाऊज शिवते. पुण्याहून पोरगी त्याला घरी घेऊन आली, त्या दिवशी माझ्या मशीनची मोटर बंद होती. आल्या आल्या पोरानं बाह्या वर केल्या आणि ती खोलून बसला. जेवण गार झालं, पण मोटर चालू करून उठला. शेजारणीनं मोबाइलवर फोटो काढला. पोरगी मशीनपाशी, तो तिच्या बाजूला, तिच्या खांद्यावर त्याचा तेलानं काळा झालेला हात. मी हौसेनं मोठा करून आणला. शेजारणीनं तिच्या मोबाइलमधला कधीच पुसला, म्हणजे तेवढाच एक राहिला.

तो भिंतीला लावून आठ दिवस झाले नाहीत, तोच माझी नणंद नेसरीहून येणार म्हणून कळलं. मी कात्री घेतली. त्याला कापून काढला. कापड कापावं तसा सरळ. पण तिच्या खांद्यावर चार बोटं राहिली. ती कापायची तर पोरीचा खांदा जात होता.

नणंदेनं बरोबर बघितलं. "ही बोटं कुणाची ग वैनी?"

"मैत्रिणीची," मी म्हणाले.

तेलानं काळी बोटं. मैत्रिणीची.

पोरीचा फोन ठेवला आणि मशीनचा खण उघडला. हुकांच्या डबीखाली तो कापलेला अर्धा तुकडा होता. का ठेवला होता, ठाऊक नाही. दोन्ही तुकडे जवळ धरले आणि मला वकिलाचं हसणं आठवलं. त्यानं जे रांगेसमोर केलं, ते मी घरात कात्रीनं केलं होतं. त्याच्याही आधी.

माझी शाळा चौथीपर्यंत. अक्षर वळलं ते ब्लाऊजची मापं लिहून लिहून. रेघी कागद घेतला आणि मीच लिहिलं.

दुसऱ्या दिवशी परत तेच टेबल. तीच रांग, माणसं वेगळी.

"काय मावशी, हार घातला का?"

मी उभी राहून मोठ्यानं वाचलं. "माझी मुलगी या मुलाबरोबर दीड वर्ष पुण्यात राहिली, आता कॅनडात राहते. लग्न केलेलं नाही. तो माझ्या घरी जेवला आहे. हा फोटो मी स्वतः कापला, लाज वाटली म्हणून. खांद्यावरची बोटं त्याचीच आहेत. दुसरा तुकडा सोबत आहे."

कुणी हसलं नाही. टायपिंगवाला कीबोर्डकडं बघत बसला.

"हे असलं चालत न्हाय," वकील म्हणाला.

"आमच्यात काय चालतं ते काल तुम्हीच सांगितलंसा की. हे घ्या आधार कार्ड. मी तीच बाई हाय का, एवढं बघायचं आणि शिक्का मारायचा. आणि कालचा तो शब्द अजून टाइप करायचा असला तर करा. खाली तुमची सही पाहिजे."

त्यानं शिक्का मारला. वर न बघता.

इंग्रजी करून कागद गेला, दोन्ही तुकड्यांचा फोटोही गेला. उत्तर अजून नाही. पोरगी रोज बघते, मी रोज विचारते. नाकारलं तर ती येईल. आली तर दोघांची म्हणून खोली मी शोधणार, तो मागनं आला तरी दारावर आधीच दोघांची नावं लावणार.

तुकडे जोडून मशीनच्या वर भिंतीला लावलेत. मधली चीर दिसते. दिसू दे. दिवाळीला नणंद येणार आहे. फोटो उतरणार नाही. बोटं कुणाची विचारलं तर नाव सांगीन. नाही विचारलं, तर चहा देताना तिला त्याच भिंतीसमोर बसवीन.