खाल्लं मीठ

आंबोलीत ओढ्याकाठची ओली रेती शोषत बसलेलं एक नीलवंत फुलपाखरू उठलं आणि माझ्या घामेजल्या मनगटावर येऊन बसलं. काळ्या मखमलीवर फिकट निळाई.

"हलू नका हां, साहेब. तुमचं मीठ खातोय तो," वाटाड्या दत्ताराम म्हणाला.

"खाल्ल्या मिठाला जागेल का?"

"तुमच्याआमच्यापेक्षा बरा जागतो. हे मीठ तो मादीला देतो. पुढे तेच माकडलिंबाच्या पानावरल्या अंड्यांत उतरतं."

मला हसू आलं नाही. आईमागे वहिनीनं मला नऊ वर्षं जेवू घातलं. शेवटच्या आजारात ती रोज विचारायची, "भाऊजी आले का?" मी फोनवर सांगितलं, रजा मिळत नाही. रजा होती. तिचा ओढलेला चेहरा बघायला मी घाबरलो, एवढंच खरं. दादा अजूनही लोकांना माझ्या रजेचंच कारण सांगतो, आणि मी शेजारी गप्प बसतो.

मनगट वाळलं तसं फुलपाखरू उडालं. दत्ताराम पुढे निघाला. फुलपाखरानं मनगटावरचं मीठ नेलं होतं तिथं मी पाहत राहिलो. काही उणं झाल्यासारखं दिसत नव्हतं. वहिनीनंही कधी दिसू दिलं नव्हतं.