परक्या होडीचं कुलूप

"घर आपलं, कुलूप आपलं, मग किल्ली कुणाला विचारून फिरवायची?" हे वाक्य नाना दिवसातून एकदा तरी म्हणायचेच. हद्द ओलांडून आलेली होडी पकडली, की ती आमच्या धक्क्याला साखळीनं बांधायची, कुलूप घालायचं आणि राखायची, हे त्यांचं काम. साखळ्या ओढून एक खांदा कलला होता, मान मात्र ताठ.

पाण्यातली हद्द दिसते कुणाला? वारा फिरतो, जाळं वाहवतं, जाळ्यामागे होडी जाते. शेजारच्या देशाचा एक तांडेल, होडीचा म्होरक्या, असाच होडीसकट आमच्याकडे सापडला, आणि त्याच हंगामात नानांचा मुलगा तिकडे.

सगळ्या देशांनी मिळून नेमलेल्या न्यायालयानं निकाल दिला: दोघांनी एकाच वेळी एकमेकांची माणसं आणि होड्या सोडाव्यात, न्यायालयाच्या माणसासमोर. धक्क्यावर वाद पेटला. "बाहेरचे कोण आम्हाला सांगणार?" सगळ्यांत मोठा आवाज नानांचा. घरी आले, की मात्र मुलाचं अर्धवट विणलेलं जाळं झटकायचे आणि परत खुंटीला अडकवायचे.

बरीच धुसफुस करून सरकारनं निकाल मानला. तो दिवस उजाडला. न्यायालयाचा माणूस आला, गोरागोमटा, घामानं भिजलेला. बंदराचे साहेब त्याच्यापुढे वाकून वाकून दमले. म्हणाले, "नाना, किल्ली द्या पाहुण्यांकडे."

नानांनी मूठ मिटली. "नाही देणार."

तिकडे मुलगा कोठडीच्या दारात उभा होता. इकडचं कुलूप निघाल्याचा फोन गेल्याशिवाय त्याला सोडणार नव्हते. सून गर्दीतून पुढे आली. "मामंजी, तुमच्या मुठीत किल्ली नाही, माझा नवरा आहे."

तरी नानांची मूठ उघडेना.

पाहुण्यानं सोबतच्या दुभाष्याला विचारून घेतलं काय चाललंय, आणि हसला. दुभाष्या म्हणाला, "आजोबा, ते म्हणतात, किल्ली त्यांना नकोच आहे. तुम्ही उघडा, ते नुसते बघतील. तिकडेही तिथलाच राखणदार उघडणार आहे."

"मग हे आधी नाही का सांगायचं?" नाना साहेबांवर खेकसले. साहेब आभाळाकडे बघू लागले.

नानांनी किल्ली घातली. फिरेना. खाऱ्या वाऱ्यानं कुलूप पार गंजलं होतं. तेवढ्यात शिपायाच्या पहाऱ्यात धक्क्यावर उभा असलेला पलीकडच्या देशाचा तांडेल, त्याला खूण करून, आपल्या होडीत उतरला आणि इंजिनाच्या तेलाचा डबा घेऊन आला.

नाना डब्याकडे बघत राहिले. "कुलूप आपलं, आणि तेल परक्याचं?"

"मामंजी, आता तेलालाही परवाना मागणार का?"

अख्खा धक्का हसला. नानाही हसले, म्हणजे मिशी हलली. तेल मुरलं, किल्ली फिरली, साखळी खळ्ळकन पाण्यात पडली. पाहुण्यानं फोनवर एकच शब्द उच्चारला. थोड्या वेळानं तोच फोन सुनेच्या कानाला लागला. ती नुसती मान हलवत राहिली, जणू नवऱ्याला ती दिसतच होती.

नानांनी साखळी वर ओढून घेतली, तेलाचा डबा पुसून तांडेलाच्या हातात दिला आणि कलत्या खांद्यानं घराकडे चालू लागले. खुंटीवरचं जाळं काढायचं होतं. आम्ही सगळे सुनेभोवती गोळा झालो होतो. नानांकडे बघत होता तो एकटा तांडेल, सुटलेल्या होडीत उभा राहून, ते वळणाआड जाईपर्यंत. इंजिन त्यानं नंतर सुरू केलं.