तीन पावलां मागे

"तीन पावलां मागे!" असं ओरडून दोन्ही हात आडवे पसरायचे, ही आमच्या मुकादमांची सवय. समोर किरणांचा दगड असो नाहीतर चहाची किटली, आधी सगळ्यांना मागे सारणार, मग स्वतः वाकून बघणार. मुकादम तुम्हीही पुष्कळ पाहिले असतील. पण चहालाही घाबरणारा मी हा एकच पाहिला.

पन्नास सालानंतरच्या चार-पाच वर्षांतली गोष्ट. कणकवलीच्या पुढे, घाटाच्या पायथ्याशी अभ्रकाची एक जुनी खाण होती. तिथे युरेनियमचा दगड मिळतो का ते बघायला सरकारी तंबू लागले. मी त्यातला कारकून. नमुन्यांच्या चिठ्ठ्या लिहायच्या आणि वैतागायचं, एवढंच माझं काम. मुकादम गावचेच, पन्नाशीचे, त्याच खाणीत वीस वर्षं राबलेले.

पहिल्या दिवशी साहेबांनी गड्यांना अर्धा तास भाषण दिलं. दगड काळा, डांबरासारखा चकाकणारा, आकाराच्या मानाने भलताच जड, अंगावर कधी हळदीसारखी पिवळी भुकटी. त्याच्यापासून लांब राहायचं, जवळ रेंगाळायचं नाही, मधे आडोसा ठेवायचा आणि घरी तर मुळीच न्यायचा नाही. गडी आ वासून बघत बसले. तेव्हा मुकादम उठले.

"सायब, सरळ सांगा मा, राखणदार आसा म्हणान!"

झालं! गावची सीमा राखणाऱ्या देवाशी, म्हणजे राखणदाराशी, कसं वागायचं, हे तिथे शेंबड्या पोरालाही ठाऊक. साहेबांनी कपाळाला हात लावला, पण त्या दिवसापासून एकाही गड्याने उघड्या हाताने दगड उचलला नाही.

उचलण्याआधी मुकादम गाऱ्हाणं घालायचे. "बा देवा म्हाराजा, ह्यो दगड सरकाराक व्हयो आसा, आमका नको. उचलतंव, रागाव नको!" मागून गडी एका सुरात, "व्हय म्हाराजा!" मग भुकटी उडू नये म्हणून पाण्याचा शिंतोडा, लांब चिमटा, जाड कागद, शिशाची पेटी. पेटी तंबूंपासून शंभर पावलांवर. शेवटी साबणाने हात धुऊन मुकादमांना नखं दाखवायची. मी एकदा चिठ्ठी चिकटवायला जिभेला लावली, तर अंगावरच आले. "कारकूनसायब, दुसरी जीभ मेळाची नाय हां!" माझ्या वडिलांनीही मला कधी असं झापलं नव्हतं.

असा हा कडक माणूस. आणि फजिती कुठे व्हावी? त्याच्याच घरात.

एका दुपारी परतताना चहाला त्यांच्याकडे थांबलो. किरण मोजायचं यंत्र माझ्या खांद्यावर, चुकून चालूच राहिलेलं. पडवीत पाऊल टाकलं मात्र, लाह्या फुटाव्यात तसं ते तडतडायला लागलं. कोपऱ्यात खारातल्या आंब्यांचं पिंप होतं. आंबे वर येऊ नयेत म्हणून त्यावर दाब ठेवला होता. काळा, चकाकता, जड दगड.

"ह्यो खंयचो?" मुकादमांनी दगडाकडे बोट दाखवलं.

"खंयचो म्हणजे? धा वर्सांमागे तुमीच हाडलात खाणीतसून," मुकादमीणबाई म्हणाल्या. "असो जड दगड सगळ्या गावात नाय. मी कोणाक दिवचंय नाय!"

"तीन पावलां मागे!" मुकादम ओरडले. पण कोणाला? पिंपामागच्या भिंतीपलीकडे त्यांची लेक निजली होती. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली.

साहेब स्वतः चिमटा घेऊन आले. दगड पेटीत गेला, आंबे विहिरीपासून लांब खड्ड्यात गेले, आणि मुकादमीणबाई आठ दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. साहेबांनी मोजून सांगितलं, भिंत चांगली जाड आहे, लेकीच्या जागी यंत्र जेमतेम टिकटिकतंय, घाबरू नका. लेक हसली. मुकादम हसले नाहीत. आपण दगड घरी आणला आणि त्याची शिक्षा नातवंडाला होणार, हे त्यांच्या डोक्यात घट्ट बसलं. सगळ्यांसाठी गाऱ्हाणं घालणाऱ्या माणसाला स्वतःचं गाऱ्हाणं काही सुचेना.

नात झाली. धडधाकट, आळी डोक्यावर घेणारी. मुकादम तिला बघायचे ते अंगणातून, बरोबर तीन पावलांवरून. "वीस वर्सां ह्या हातांनी ते दगड उपसलंय," म्हणायचे. बारसं झालं तरी तेच. मुकादमीणबाई करवादल्या, "ह्यांका काय नातीचो विटाळ झालो?"

शेवटी मी साहेबांना न विचारता यंत्र उचललं. आयुष्यात मी केलेला हा एकमेव पराक्रम. मुकादमांच्या कानाला यंत्राच्या ऐकायच्या वाट्या लावल्या. यंत्र कुठेही धरलं तरी मधूनमधून टिकटिकतंच, हे त्यांना काही केल्या पटेना. म्हणून आधी जास्वंदीला लावलं, मग मला, मग गोठ्यातल्या गायीला. सगळीकडे तेच, सावकाश टिक, टिक. मग त्यांनी स्वतःचे हात पुढे केले. बराच वेळ ऐकत राहिले आणि एकदम ओरडले, "गायीइतकोच! मी गायीइतकोच आसंय गो!"

कानाच्या वाट्या तशाच ठेवून ते आत धावले. वायरीमागून यंत्र आणि यंत्रामागून मी फरफटत गेलो. नातीला त्यांनी उचललं, आणि ती त्यांच्या अंगावर मुतली. मुकादम रडले. खोटं कशाला सांगू, मीही रडलो.

पुढे तंबू उठले, माझी बदली झाली. साठ सालानंतर कधीतरी कामाने कणकवलीला आलो, तेव्हा वाट वाकडी करून त्यांच्याकडे गेलो. मुकादम आदल्या वर्षीच वारले होते. पडवीत पिंप होतं, त्यावर जांभ्या दगडाचा साधा तुकडा. मुकादमीणबाई डोळे पुसत आत गेल्या आणि सात-आठ वर्षांची एक पोर पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. मला बघून थबकली.

"तुमी खाणीवयले?"

"होतो एकेकाळी."

"तीन पावलां मागे!" तिने मोकळा हात आडवा पसरला. "हात दाखवा."

मी मुकाट्याने मागे सरलो, हात पुढे केले. तांब्या खाली ठेवून ती जवळ आली, माझ्या तळव्यांना कान लावला आणि डोळे मिटून ऐकत राहिली.

"गायीइतकेच," ती म्हणाली, आणि मला पाणी दिलं.