‘काटा पूर्ण निघाला’ असं मी लिहिलं होतं

शकिलाबीचा सुजलेला गुडघा मी सोनोग्राफीच्या टेबलावर घेतला आणि तिचा नवरा जब्बार भिंतीवरची पाटी मोठ्यानं वाचू लागला. ‘येथे गर्भलिंग निदान केले जात नाही.’ मशीन गुडघ्यांसाठी असलं तरी पाटी लावावीच लागते.

“डॉक्टरसाब, गुडघ्यात पोरगा हाय का पोरगी, ते बघताव का?”

“गप बसा वो,” शकिलाबी म्हणाली.

जब्बार धारूरला मोटारसायकली दुरुस्त करतो. शकिलाबी हंगामात डोंगरातून सीताफळं तोडून आणते आणि रस्त्याकडेला बसून विकते. मी त्यांचा फॅमिली डॉक्टर.

आमच्याकडे सोनोग्राफी म्हटलं की लोकांना पोटच आठवतं. पण त्याच ध्वनिलहरींनी स्नायू दिसतात, सांधे दिसतात, सांध्यात साचलेलं पाणी दिसतं. मशीनच्या हातात धरायच्या भागाला प्रोब म्हणतात. तो गुडघ्यावर टेकवायचा आणि पडद्यावर बघायचं. हाडाची कड पांढरी, पाणी काळं. मी हे अडुसष्टाव्या वर्षी शिकलो. वर्गातली पोरं मला आजोबा म्हणायची. मशीनची नोंदणी माझ्या दवाखान्याच्या पत्त्यावर आहे, ते उचलून पेशंटच्या घरी नेता येत नाही. म्हणून जब्बारनं बायकोला गाडीवर बसवून आणलं होतं.

खरं तर ती सोनोग्राफीसाठी आलीच नव्हती. सोमवारपासून लातूरच्या सर्जननं सांगितलेली औषधं सुरू करायची का, एवढंच तिला विचारायचं होतं. चार वर्षं तिचा गुडघा सुजत होता, थोडा उतरत होता, परत सुजत होता. सांध्याचा टीबी असावा, असं ठरलं. तपासणीत जंतू सापडले नाहीत, पण सांध्याच्या टीबीत असं पुष्कळदा होतं, म्हणून अंदाजानं औषधं दिली गेली. त्या औषधांनी तिला कावीळ झाली. पंधरा दिवस ॲडमिट होती. सूज जिथल्या तिथे. आता सर्जनचं म्हणणं होतं की टीबी साध्या औषधांना दाद देत नाही, जास्त कडक औषधं देऊ.

“पुन्यांदा कावीळ झाली तर मी काय वाचत न्हाई,” ती म्हणाली. “तुमी सांगा. घिऊ का नको?”

उत्तर देण्याआधी पाणी किती आहे ते बघावं, एवढ्याच हेतूनं मी प्रोब ठेवला. गुडघ्याच्या वाटीच्या वरच्या बाजूला पाणी होतं. त्यात एक पांढरी बारीक रेघ होती. प्रोब आडवा केला की तिचा ठिपका व्हायचा, सरळ केला की परत रेघ. रेघेच्या मागे काळी सावली. तिथे हाड नसतं. काय आहे ते मला लगेच कळलं, कारण ते तिथे कसं गेलं हे मला माहीत होतं.

चार वर्षांपूर्वी फळं तोडताना शकिलाबी पडली आणि बाभळीचा काटा याच गुडघ्यात घुसला. तो मीच काढला. केसपेपरवर लिहिलं, ‘काटा पूर्ण निघाला’. खाली सही केली. एक्स-रे साफ आला. तो साफच येणार, लाकूड एक्स-रेत दिसत नाही. दोन महिन्यांनी सूज आली तेव्हा मी संधिवात म्हणून सांध्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं. महिनाभर बरं वाटलं. मग अंबाजोगाई झालं, मग लातूर. माझा तो कागद शकिलाबीनं प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवला होता आणि ती तो प्रत्येक डॉक्टरला दाखवायची. प्रत्येकानं ते वाक्य वाचलं आणि काट्याचा विचार सोडून दिला.

मी मशीन बंद केलं आणि दोघांना सांगितलं. “आत काट्याचा तुकडा आहे. माझ्याकडून राहिलाय. टीबी बहुतेक कधी नव्हताच.”

जब्बार म्हणाला, “टीबी म्हनले तवापासनं आमी हिचा पेला येगळा ठिवला, डॉक्टर.”

सांध्याचा टीबी पेल्यातून पसरत नाही. हेसुद्धा मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं.

शकिलाबी उठून बसली. “मंग काडा की आता.”

ते काम माझं नव्हतं. सांधा उघडायला ऑपरेशन थिएटर लागतं. मी लेटरहेडवर पत्र लिहिलं, पडद्यावरच्या चित्राची प्रिंट जोडली आणि त्यांच्यासमोरच सर्जनना फोन लावला.

“सर, एक्स-रे क्लिअर आहे,” ते म्हणाले. “एमआरआयमध्येही नुसती सूज आणि पाणी. आणि तुमच्याच केसपेपरवर काटा पूर्ण निघाला असं लिहिलंय.”

“ते चूक आहे.”

“म्हणजे?”

“मी न बघता लिहिलं.”

“सर, हे तुम्ही लेखी देऊ नका. उद्या ते कोर्टात गेले तर?”

“देऊन झालंय. पत्र त्यांच्या हातात आहे. तुम्ही सोमवारी औषधं सुरू करू नका. आधी स्वतः प्रोब लावून बघा.”

त्यांनी बघितलं. त्याच आठवड्यात ऑपरेशन झालं. तांदळाच्या दाण्यापेक्षा जरा मोठा, काळा पडलेला तुकडा निघाला. आतलं सुजलेलं अस्तर तपासायला पाठवलं, त्यात टीबी नव्हता. कडक औषधं टळली. गुडघा मात्र पहिल्यासारखा झाला नाही. चार वर्षांत आतली कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरची गादी, झिजली होती. शकिलाबी चालते. मांडी घालून बसता येत नाही. ते कोर्टात गेले नाहीत. जब्बारनं डॉक्टर बदलला.

गोष्ट इथवर आणून मला संपवता आली असती. तालुक्यातल्या डॉक्टरांच्या बैठकीत मी ती तशीच संपवली. एका तरुण डॉक्टरनं विचारलं, तेव्हा मशीन असतं तर चूक टळली असती ना? मी हो म्हणालो. सगळ्यांनी मान हलवली आणि चहा आला.

ते खोटं होतं. सर्जनना ‘न बघता लिहिलं’ म्हणालो, तेही खोटं होतं. मी बघितलं होतं. चिमट्यातल्या काट्याला टोक नव्हतं. त्या दिवशी बाजार होता, बाहेर माणसं दारापर्यंत उभी होती. जखम पुन्हा उघडायला वीस मिनिटं लागली असती. मी काटा ट्रेमध्ये टाकला आणि ‘पूर्ण’ लिहिलं.

हंगाम सुरू झाल्यावर मी शकिलाबीला शोधत गेलो. ती स्टुलावर बसली होती, पुढ्यात फळांची रास. मी उभ्यानंच तिला हे सगळं सांगितलं.

ती फळं लावत राहिली. मग म्हणाली, “बोडका हुता काटा. मला बी दिसला हुता. म्हणलं, डॉक्टरसाबनी बघितलाय, त्यास्नी काय कळत न्हाई का.”

पुढचं गिऱ्हाईक आलं आणि मी बाजूला झालो.

आता माझ्याकडे काटा काढला की मी तो पेशंटच्या तळहातावर ठेवतो आणि टोक आहे का विचारतो. त्यांनी हो म्हटलं तरी प्रोब लावतो. केसपेपर त्यानंतर लिहितो.