सगळ्यांत हळू, तो पुढे

शैलाताई गेल्याचं कळलं तेव्हा मी दारात बसून बुटांच्या नाड्या बांधत होते. रविवारची सकाळ होती आणि आम्हाला डोंबिवलीच्या रेतीबंदरावर फिरायला जायचं होतं. त्या स्वतः येणार नव्हत्या, महिनाभर अंथरुणालाच होत्या, पण आदल्या संध्याकाळी भेटायला गेले तेव्हा त्यांनीच दम भरला होता, "माझ्यापायी घरात बसलात तर बघ हं, नीता. सकाळी ओहोटी आहे, चिखलात निवट्या उड्या मारताना दिसतील. जाऊन या आणि मला येऊन सांगा." मग सुहासचा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा, फोन वाजला. "हो दादा... हो... येतो," एवढंच तो बोलला आणि मला वर बघायची गरज पडली नाही. बूट काढले, चपला घातल्या आणि आम्ही त्यांच्या घरी गेलो.

शैलाताई माझ्या थोरल्या जाऊबाई. जावाजावांचं नातं आपल्याकडे उगाचच बदनाम आहे. माझ्या आईनेही लग्नात कानात सांगितलं होतं, थोरलीशी जपून राहा. जपावं असं काही निघालं नाही. फक्त चालावं लागलं. आणि मी जन्माची आळशी. माहेर ठाण्यात टेंभी नाक्याला. नवरात्रात अख्खं ठाणं आमच्या गॅलरीखालून चालत जायचं आणि आम्ही वरून बघायचो. चालणं ही बघायची गोष्ट आहे, करायची नाही, या समजुतीत वाढलेली मी डोंबिवलीत येऊन पडले ती थेट शैलाताईंच्या तावडीत. रविवार आला की त्यांना खाडी दिसायला लागायची. पुण्याचे पाहुणे हसायचे, "समुद्र नाही, नदी नाही, खाडीवर कसले फिरायला जाता?" त्यावर ताई शांतपणे म्हणायच्या, "आमच्या दाराशी भरती येते. तुमच्या दाराशी काय येतं, टँकर?"

पण सुरुवात काही चांगली झाली नव्हती. पहिल्यांदा सगळं घर मिळून कल्याणला दुर्गाडी किल्ल्याच्या खालच्या अंगाला खाडीकाठी गेलो होतो. सासूबाईंचे, म्हणजे आईंचे, गुडघे दुखायचे, माझी ईशा नुकती चालायला लागलेली. आणि आमचे हे दोघे भाऊ! दादा, म्हणजे शैलाताईंचे यजमान, बँकेत नोकरीला. पण चालायचे असे की पुढे कुणीतरी त्यांचं पाकीट घेऊन पळतंय. दोघे झपाझप पुढे जायचे, लांब कुठेतरी कठड्यावर बसायचे, वारा खायचे, गप्पा मारायचे आणि आम्ही बायका आईंना घेऊन तिथवर पोचलो की टुणकन उठायचे. "आलात? चला!" तिसऱ्यांदा असं झालं तेव्हा आई रस्त्याच्या कडेला एका दगडावर बसल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही बसता, मग मी येते, मग तुम्ही उठता. मी कधी बसायचं रे?" हे आजवर कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. ज्याला विसाव्याची सगळ्यांत जास्त गरज, त्यालाच तो कधी मिळत नाही. परतीच्या रिक्षात आई बाहेर बघत म्हणाल्या, "यापुढे तुम्ही व्हा पुढे. मी आपली घरी बरी."

पुढच्या रविवारी शैलाताईंनी त्यांना जवळजवळ उचलून खाली आणलं आणि इमारतीच्या फाटकाशी उभं राहून नियम सांगितला. सगळ्यांत हळू असेल, तो पुढे. त्याच्या पुढे कोणी जायचं नाही. तो थांबला की सगळे थांबणार, तो उठला की सगळे उठणार. "आणि शेवटी मी," त्या म्हणाल्या. दादांनी कपाळाला हात लावला. "अगं, असं चाललो तर रेतीबंदर येईस्तोवर मी रिटायर होईन!" पण चालले बिचारे. हात पाठीमागे बांधून, दात-ओठ खात, स्वतःच्या आईच्या मागे. मोठागावातल्या जनाबाई कोळीण त्यांच्या ओट्यावरून आम्हाला येताना बघायच्या आणि लांबूनच ओरडायच्या, "आली गो वरात! आज नवरा कोन?" मग आई, सत्तरीच्या, लाजून पदर सावरायच्या.

मुलांनी या नियमाचं काय केलं ते सांगायलाच हवं. ईशा आणि तिचा चुलतभाऊ ओंकार जरा मोठे झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं की हळू चाललं की पहिला नंबर मिळतो. झालं! एका रविवारी दोघांची हळू चालायची शर्यत लागली. एक पाऊल टाकायचं की चिखलातल्या निवट्या बघत उभं राहायचं. आता त्या निवट्यासुद्धा, मासा असून पाण्याबाहेर उड्या मारत बसतात, त्यांनाही कुठे जायची घाई नसते. ऊन चढलं, दादा चिडले, आई हसून हसून दमल्या. रेतीबंदर काही त्या दिवशी आलं नाही. अर्ध्या वाटेवरून भेळ खाऊन परतलो. शैलाताई मागून म्हणाल्या, "पोचायचं कुणाला होतं?"

मागून... त्यांचं सगळं मागूनच असायचं. कोलशेतला गेलो, गायमुखला गेलो, तलावपाळीला दिवाळीतली गर्दी बघायला गेलो, कुठेही असो, ताई शेवटी. मी एकदा विचारलं, तिथे काय मिळतं तुम्हाला? म्हणाल्या, "अगं, तोंडावरून माणूस फसवतो. पाठीवरून नाही फसवता येत." आणि खरंच त्यांना पाठी वाचता यायच्या. सुहासची कंबर धरली आहे, ओंकारचा पेपर वाईट गेलाय, माझी डावी चप्पल झिजली आहे, सगळं त्यांना मागून कळायचं. माझे वडील गेले त्या वर्षीची गोष्ट. दिवसकार्य आटोपून मी डोंबिवलीला परतले, कामावर रुजू झाले, सगळ्यांशी नीट बोलत होते. रविवारी सगळ्यांबरोबर खाडीवर निघाले तेव्हाही हसत होते. बरंच अंतर चाललो असू. मागून ताईंचा आवाज आला, "नीता, तू पुढे हो." मला वाटलं, काही विसरलंय. मी म्हटलं, "आई आहेत ना पुढे." त्या म्हणाल्या, "असू देत. आज सगळ्यांत हळू तू आहेस." आईंनी मागे वळून बघितलं, कडेला सरकल्या आणि मला वाट दिली. मी सगळ्यांच्या पुढे झाले. पुढे कोणी नाही म्हटल्यावर चेहरा सांभाळायचं कारणच उरलं नाही. मी रडत चालले, थांबले, पुन्हा चालले, आणि माझ्या मागे अख्खं घर माझ्या चालीने येत होतं. कुणी जवळ आलं नाही, कुणी पाठीवर हात फिरवला नाही. इतकं कुणी मला आजवर सांभाळलेलं नाही.

पुढे आई गेल्या. मुलं शिकून बंगळूरला, पुण्याला गेली. आम्ही चौघेच उरलो तरी रविवार सुटला नाही. आणि मग गेल्या वर्षी ताईंना धाप लागायला लागली. डॉक्टरांनी चालायला मनाई केली नव्हती, दमायला केली होती. त्या तरीही मागेच. मध्येच थांबायच्या आणि होडीकडे बोट दाखवायच्या, "बघा, रंग नवा दिलाय." आम्ही बघायचो. होडी जुनीच असायची, रंगही जुनाच. आम्ही तिघेही समजून उमजून मुंगीच्या पावलांनी चालायचो आणि कुणी कुणाला काही म्हणायचं नाही. शेवटी एके दिवशी दादा थांबले, वळले आणि म्हणाले, "अगं, पुढे ये."

"नको हो. मी मागे बरी आहे."

"नियम कुणाचा?"

ताईंनी एकदा खाडीकडे बघितलं. मग पदर खोचला आणि आमच्या मधून पुढे गेल्या, आणि दादा, ज्यांना आयुष्यात कधी कुणाच्या मागे राहणं जमलं नाही, ते सगळ्यांत शेवटी जाऊन उभे राहिले. तेव्हा माझ्या लक्षात आलं, इतकी वर्षं बरोबर फिरून मी शैलाताईंना चालताना कधी बघितलंच नव्हतं. फक्त ऐकलं होतं. उजव्या पायावर किंचित भार द्यायच्या. मानेवरचा अंबाडा सैल झाला होता. आणि पुढे असूनही दर थोड्या वेळाने मागे वळून बघत होत्या, आम्ही आहोत ना म्हणून. त्या दिवशी जनाबाईंनी वरातीची थट्टा केली नाही. ओट्यावरची जाळी बाजूला केली, आतून खुर्ची आणली, म्हणाल्या, "बस गो बाय. घाई कसली हाय आपल्याला."

ताई गेल्यावर रविवार आले आणि गेले. दादा घराबाहेर पडेनात. मी दर रविवारी जायची, खाली चला म्हणायची, आणि ते पेपरमधून डोकं वर न काढता म्हणायचे, "तुम्ही व्हा पुढे." त्यांना ठाऊक नसेल, पण मला ते शब्द ऐकवत नव्हते. कल्याणहून परतताना रिक्षात आईंनी हेच म्हटलं होतं आणि तेव्हा त्यांना घराबाहेर काढायला शैलाताई होत्या. आता कोण होतं? मला त्यांच्यासारखं माणसाला उचलून आणता येत नाही. मला त्यांच्यासारखं काहीच येत नाही. खरं सांगायचं तर मला दादांना फिरायला न्यायचं नव्हतंच, मला ताई हव्या होत्या. बाजारात, जिन्यात, कुठेही चालताना मागून "नीता, सावकाश" अशी हाक यावी म्हणून मी उगाच रेंगाळायचे. अजून रेंगाळते.

गेल्या रविवारी मी हट्टाने त्यांच्या दारातच बसले. "तुम्ही उठाल तेव्हा मी उठेन," म्हटलं. पुष्कळ वेळाने ते उठले. चप्पल शोधली, किल्ली घेतली. खाली आल्यावर सुहास सवयीने बाजूला झाला आणि दादा पुढे झाले. शेवटची जागा माझ्या वाट्याला आली. रेतीबंदराच्या रस्त्याला लागल्यावर सुहास माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, "दादांना त्रास होतोय का गं? फारच हळू चालतायत." मी बघत होते. त्यांचे पाय धड होते, पाठ ताठ होती. ते चार पावलं टाकत होते आणि थांबत होते. ताई थांबायच्या त्या होडीपाशी थांबले. पुढे पिंपळापाशी थांबले. श्वास खाली बसायला जेवढा वेळ लागतो तेवढाच वेळ, आणि मग पुढची चार पावलं... मी सुहासचा हात दाबला आणि म्हटलं, "काही त्रास नाही. चालू दे तसंच."

मागून येणाऱ्या एका स्कूटरने हॉर्न वाजवला, आम्ही कडेला झालो, ती गेली. दादा पाण्याकडे तोंड करून उभे होते. वळले नाहीत. नेहमीच्या आवाजात त्यांनी विचारलं, "आले का गं सगळे?"

शेवटी मी होते, तेव्हा उत्तर मीच द्यायचं होतं. "आले" हा शब्द काही केल्या तोंडातून निघेना.

"तुम्ही चाला, दादा," मी मागून म्हटलं. "सावकाश चाला."